फ्लाइट लेट झाली, कॅन्सल झाली तर स्वस्तवाल्या एअरलाइनकडून पैसे कसे काढायचे (नागपूरकरांसाठी सगळी प्रोसेस)

आधी एक गैरसमज काढून टाका, नाहीतर काउंटरवर उगाच घसा कोरडा कराल. आपल्याकडे फ्लाइट नुसती लेट झाली म्हणून रोख नुकसानभरपाई द्यायचा नियम नाही, चार तास होवो नाहीतर सात तास. लेट झाली तर खाणं-पिणं मिळतं, जास्त लेट झाली तर पूर्ण रिफंड किंवा दुसरी फ्लाइट मिळते, रात्रीची असेल तर हॉटेल मिळू शकतं. रोख पैसे मिळतात ते दोनच वेळा, एक म्हणजे फ्लाइट कॅन्सल झाली आणि तुम्हाला वेळेत कळवलं नाही, आणि दुसरं म्हणजे कन्फर्म तिकीट असून, वेळेवर पोचूनसुद्धा तुम्हाला विमानात चढू दिलं नाही. युरोपात तीन तास उशीर झाला की पैसे मिळतात ते व्हिडिओ पाहून लोक सोनेगावच्या (आपल्या नागपूर एअरपोर्टच्या) काउंटरवर भांडून राहिले असतात, तो कायदा इथे लागत नाही बाप्पा.

आपल्याकडे चालतो तो डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा नियम, त्याचं नाव सीएआर सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४. २०१० मध्ये आला, २०१६ मध्ये रकमा वाढल्या. हे नाव मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, काउंटरवर आणि ईमेलमध्ये दोन्हीकडे हेच लिहायचं बोलायचं आहे. आणि तिकीट दोन हजाराचं असो की बारा हजाराचं, बजेट एअरलाइनसाठी वेगळा नियम नाही, "सर आमची लो-कॉस्ट एअरलाइन आहे" हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही.

तुमची केस नेमकी कोणती ते आधी ठरवा

सगळं दोन गोष्टींवर आहे, फ्लाइट लेट आहे का कॅन्सल, आणि मेसेज किती आधी आला.

कॅन्सल झाल्याचं दोन आठवडे किंवा त्याच्या आधी कळवलं तर दुसरी फ्लाइट नाहीतर रिफंड, बस. दोन आठवडे ते २४ तास यामध्ये कळवलं तरी तेच, पण दुसरी फ्लाइट तुम्हाला चालेल अशी पाहिजे, त्यांनी पहाटे चारची टाकून दिली आणि तुम्हाला नको असेल तर सरळ पूर्ण रिफंड मागा. २४ तासांच्या आत कळवलं किंवा कळवलंच नाही, तर मात्र रिफंड किंवा दुसरी फ्लाइट हे तर आहेच, वरून नुकसानभरपाई वेगळी. लोक इथेच फसतात, रिफंड मिळाला म्हणजे विषय संपला असं समजून घरी निघून जातात.

रक्कम किती ते फ्लाइटच्या वेळेवर आहे. एक तासापर्यंतची फ्लाइट असेल तर ₹५,०००, एक ते दोन तासांची ₹७,५००, दोन तासांच्या वरची ₹१०,०००. पण प्रत्येक ठिकाणी "किंवा एका बाजूचं बेसिक भाडं अधिक फ्युएल चार्ज, यातलं जे कमी असेल ते". आता आपलं नागपूर पडलं देशाच्या मधोमध, झिरो माइलवालं गाव, त्यामुळे इथून मुंबई, पुणे, दिल्ली, बंगलोर कुठेही डायरेक्ट जा, बहुतेक फ्लाइट सव्वा ते पावणेदोन तासांची असते. म्हणजे नागपूरकराची केस जवळपास नेहमी मधल्या स्लॅबमध्येच बसते, ₹७,५०० वालीत. वेळ मोजताना तिकिटावर छापलेली निघायची आणि पोचायची वेळ धरायची.

उदाहरण घ्या. नागपूर-पुणे तिकीट पडलं ₹५,२००. त्यात बेसिक ₹३,६०० आणि फ्युएल चार्ज ₹४००, बाकी एअरपोर्टची फी, सिक्युरिटी फी, जीएसटी वगैरे. बेसिक अधिक फ्युएल झाले ₹४,०००, ते ₹७,५०० पेक्षा कमी, म्हणून नुकसानभरपाई ₹४,००० आणि रिफंड पूर्ण ₹५,२००, टोटल ₹९,२०० एका माणसामागे. घरचे चौघं असतील तर चौघांचं. हा ब्रेकअप तिकिटाच्या पीडीएफमध्ये कधी कधी नसतो, मग एअरलाइनच्या साइटवर पीएनआर टाकून जीएसटी इनव्हॉइस काढा, त्यात सापडतो.

चढू दिलं नाही, म्हणजे ओव्हरबुकिंग, तर गंमत पाहा, यात कॅन्सलपेक्षा जास्त पैसे मिळतात. त्यांनी आधी स्वतःहून थांबायला तयार असलेले लोक शोधायचे असतात. तरीही तुम्हालाच थांबवलं आणि मूळ वेळेपासून एक तासाच्या आत निघणारी दुसरी फ्लाइट दिली तर काही नाही, २४ तासांच्या आतली दिली तर बेसिक अधिक फ्युएलच्या दुप्पट पण जास्तीत जास्त ₹१०,०००, २४ तासांनंतरची दिली तर चौपट, जास्तीत जास्त ₹२०,०००. आणि तुम्ही म्हणालात मला तुमची दुसरी फ्लाइटच नको, तर पूर्ण रिफंड अधिक ते चौपट, मर्यादा तीच ₹२०,०००. वरच्याच ₹४,००० वाल्या तिकिटावर म्हणजे ₹८,००० नाहीतर ₹१६,०००. फक्त एक, तुम्ही वेळेवर चेक-इनला पोचलेले पाहिजे. वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकून काउंटर बंद झाल्यावर पोचलात तर ते नो-शो, त्यात नुकसानभरपाई नाही, पण एअरपोर्टची फी आणि सिक्युरिटी फी परत मागता येते, तेवढे तरी सोडू नका.

लेटचं गणित असं. अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला (म्हणजे आपल्या जवळपास सगळ्या) दोन तास किंवा जास्त उशीर असेल तर खाणं-पिणं फुकट. सहा तासांच्या वर जाणार असेल तर सहा तासांच्या आतली दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड, यातलं काय ते तुम्ही ठरवायचं. २४ तासांच्या वर उशीर, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ मधली फ्लाइट सहा तासांच्या वर लेट, तर हॉटेल आणि जायची-यायची गाडी. मुंबईहून किंवा पुण्याहून रात्रीच्या शेवटच्या फ्लाइटने घरी येणाऱ्यांनी हा शेवटचा नियम पाठच करावा, कारण त्यावेळी गाड्या निघून गेलेल्या असतात, तत्काळ तिकीट आदल्या दिवशीच काढावं लागतं आणि ट्रॅव्हल्सवाले तुमचं तोंड पाहून भाव सांगतात.

एअरपोर्टवर असतानाच करायची कामं

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, बाकी सगळं घरी बसून होतं, पण पुरावा तिथेच जमा करावा लागतो.

मेसेज, व्हॉट्सअॅप, ईमेल जे आलं त्याचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात आल्याची तारीख-वेळ दिसली पाहिजे. २४ तासांचा हिशोब यावरच ठरणार आहे. मग डिस्प्ले बोर्डचा फोटो, आपल्या फ्लाइटची ओळ तर घ्याच पण आजूबाजूच्या फ्लाइटसुद्धा फ्रेममध्ये येऊ द्या, त्याच वेळी दुसऱ्या कंपन्यांची विमानं आरामात निघून राहिली असतील तर "खराब हवामान" हे कारण तिथेच लंगडं पडतं.

काउंटरवर कारण विचारा आणि लेखी मागा. ते म्हणतील "ऑपरेशनल रीझन". हे कारण नाही, हे पांघरूण आहे. शांतपणे विचारा, ऑपरेशनल म्हणजे क्रू नाही, विमान आलं नाही, का विमानात बिघाड? लेखी देत नसतील तर तिथेच उभं राहून त्यांच्या कस्टमर केअरला ईमेल टाका, "आत्ता अमुक वाजता काउंटरवर मला अमुक कारण सांगितलं", झाला तुमचा लेखी रेकॉर्ड, आणि त्यावर वेळसुद्धा आपोआप पडते. बऱ्याच एअरलाइनच्या साइटवर पीएनआर टाकून डिले किंवा कॅन्सलेशन सर्टिफिकेट निघतं, तेही काढून ठेवा, इन्शुरन्स घेतला असेल तर तिकडे लागतंच.

कारण एवढं का खणायचं? कारण हाताबाहेरच्या गोष्टींमुळे फ्लाइट कॅन्सल झाली तर नुकसानभरपाई द्यावी लागत नाही. हवामान, एटीसी (विमानांची वाहतूक सांभाळणारा कंट्रोल), पूर, दंगल, संप, सिक्युरिटीचा धोका, सरकारी आदेश, असं सगळं त्या यादीत येतं. तांत्रिक बिघाड हा शब्द त्या यादीत नाही, पण शेवटी "आणि एअरलाइनच्या नियंत्रणाबाहेरच्या इतर गोष्टी" असं शेपूट आहे, त्याला धरून ते बिघाडही आत घुसवतात. भांडायला जागा असते ती इथेच. विमान तुमचं, मेंटेनन्स तुमचा, मग नियंत्रण कोणाचं? क्रू कमी पडणं हे तर त्याहून सरळ. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोच्या हजारो फ्लाइट कॅन्सल झाल्या त्या पायलटच्या ड्युटी आणि विश्रांतीच्या नव्या नियमांसाठी नियोजन कमी पडलं म्हणून, धुक्यामुळे नाही. त्यावेळी जास्त अडकलेल्यांना कंपनीने ₹१०,००० चे ट्रॅव्हल व्हाउचर जाहीर केले होते, ते नियमाच्या नुकसानभरपाईहून वेगळे होते, हे लक्षात ठेवा.

हवामानाचं कारण खरं आहे का ते तुम्हीसुद्धा तपासू शकता. फ्लाइटरडार२४ या विमानं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या साइटवर आपला फ्लाइट नंबर टाका, आपलं विमान कुठून यायचं होतं आणि त्यावेळी कुठे उभं होतं ते दिसतं. सकाळी दिल्लीच्या धुक्यात अडकलेलं विमान दुपारी नागपूरला लेट येतं हे खरं असू शकतं, इथे कडक ऊन पडलेलं असलं तरी, म्हणून लगेच खोटारडे म्हणायची घाई नको. पण विमान इथेच उभं होतं आणि निघालं नाही, तर मामला वेगळा. प्रत्येक एअरपोर्टचा तासातासाचा हवामान रिपोर्ट असतो त्याला मेटार म्हणतात, नागपूरचा कोड व्हीएएनपी, नेटवर फुकट मिळतो. दोन्हीचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या, जुनी हिस्ट्री फार दिवस फुकट दिसत नाही.

धुकं खरंच असेल तर पैसे सोडा, पण माणुसकी सोडायची नाही. दिल्लीहून हैदराबादला जाणारी फ्लाइट डिसेंबर २००७ मध्ये धुक्यात अडकली, प्रवासी विमानातच बसून राहिले, ती केस सुप्रीम कोर्टात गेली आणि २०११ मध्ये निकाल आला. धुक्यासाठी एअरलाइनला नुकसानभरपाई लागली नाही, पण कोर्टाने स्पष्ट सांगितलं की लो-कॉस्ट आहोत म्हणून विमानात अडकलेल्या प्रवाशांच्या किमान सोयी टाळता येणार नाहीत. बजेट एअरलाइनशी बोलताना हा निकाल कामाचा आहे.

आणि बिलं. पाण्याच्या बाटलीपासून टॅक्सीपर्यंत सगळी. पूर्ण खाणं त्यांनी द्यायचं होतं, दिलं नाही आणि तुम्ही तिथे दोनशे रुपयांचा समोसा खाल्ला (एअरपोर्टचा समोसा, त्यात बटाटा कमी आणि भाडं जास्त), तर त्याचं बिल ठेवा. पुण्याहून कॅब करून समृद्धीने आलात तर कॅबची रीतसर पावती, टोल, सगळं.

लिंकवर घाईने बोट ठेवू नका

मेसेजमध्ये एक लिंक येते, तिथे जाऊन फ्लाइट बदला किंवा रिफंड घ्या. आधी पूर्ण वाचा. रिफंडचे पैसे "क्रेडिट शेल" (म्हणजे पैसे एअरलाइनकडेच जमा, पुढच्या तिकिटाला वापरायचे) किंवा व्हाउचरमध्ये ठेवायचा पर्याय असतो, कधी कधी तोच मोठा आणि रंगीत असतो. नियम असा आहे की क्रेडिट शेल ही तुमची मर्जी, त्यांनी आपोआप टाकायची गोष्ट नाही. क्रेडिट कार्डने घेतलं असेल तर पैसे सात दिवसांत परत यायला पाहिजेत. नुकसानभरपाईसुद्धा रोख किंवा बँकेत, व्हाउचर द्यायचं तर तुमची सही असलेली लेखी संमती लागते. "पुढच्या प्रवासावर ₹५०० सूट" घेऊन सही करून मोकळे झालात तर नंतर बोलायला जागा राहत नाही.

मेकमायट्रिप, क्लिअरट्रिपसारख्या ठिकाणाहून किंवा गल्लीतल्या एजंटकडून तिकीट काढलं असेल तरी रिफंडची जबाबदारी एअरलाइनचीच असते, "एजंटला विचारा" हे चालत नाही. पण एक भानगड आहे. एजंट तिकिटावर स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो, एअरलाइन मेसेज त्याला पाठवते, तो दुकान बंद करून लग्नाला गेलेला असतो, आणि तुम्ही एअरपोर्टवर. नियमात लिहिलंय की प्रवाशाने नीट कॉन्टॅक्ट दिला नसेल तर नुकसानभरपाई नाही. माझ्या एका मावसभावाची केस इथेच पडली, एअरलाइनने सरळ दाखवलं की आम्ही दोन दिवस आधी या नंबरवर कळवलं होतं, आणि तो नंबर होता सीताबर्डीतल्या एजंटचा. तेव्हा तिकीट हातात आलं की साइटवर पीएनआर उघडून स्वतःचा नंबर आणि ईमेल टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

तक्रारीचा क्रम

पहिला मेल एअरलाइनच्या कस्टमर केअरला. विषयात पीएनआर, फ्लाइट नंबर, तारीख. आत चारच गोष्टी लिहा, काय झालं, मेसेज किती वाजता आला, नियम कोणता, किती पैसे पाहिजेत. भावना नको, आईची तब्येत, मुलाची परीक्षा हे सगळं पुढे ग्राहक आयोगासमोर कामी येतं, इथे नाही. साधारण असं:

"माझी अमुक फ्लाइट सुटण्याच्या ९ तास आधी रद्द केल्याचा मेसेज आला, स्क्रीनशॉट जोडला आहे. सीएआर सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४ प्रमाणे मला पूर्ण रिफंड ₹५,२०० आणि नुकसानभरपाई ₹४,००० मिळायला हवी. रक्कम मूळ खात्यात जमा करावी, व्हाउचर मला मान्य नाही. रद्द करण्याचं नेमकं कारण लेखी कळवावं."

हेच इंग्रजीत करून पाठवा, तिकडे बसलेल्याला मराठी येईलच असं नाही. पहिलं उत्तर येणार ते छापील, "आम्हाला खेद वाटतो". मग त्याच मेलवर रिप्लाय करून नोडल ऑफिसरला (एअरलाइनचा तक्रारी पाहणारा माणूस), तिथेही नाही तर अपेलेट ऑथॉरिटीला (त्याच्या वरचा). ही नावं आणि ईमेल एअरलाइनने साइटवर द्यायची असतात, खाली तळाशी बारीक अक्षरात सापडतात. प्रत्येक वेळी जुनी मेलची माळ तशीच राहू द्या, नवीन मेल सुरू करू नका.

सोबतच एअरसेवा पोर्टलवर किंवा अॅपवर तक्रार टाका. हे नागरी विमान मंत्रालयाचं आहे, २०१६ मध्ये सुरू झालं. तुमची तक्रार शेवटी एअरलाइनच्याच नोडल माणसाकडे जाते, पण सरकारी खात्यातून जाते म्हणून त्यांचा सूर बदलतो. रिफंड अडकला असेल तर इथे बऱ्यापैकी काम होतं, नुकसानभरपाईसाठी जरा ढकलावं लागतं. त्यांनी "रिझॉल्व्ह्ड" म्हणून बंद केली आणि तुम्हाला काही मिळालं नाही तर तसंच फीडबॅकमध्ये लिहा, गप्प बसू नका. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथेही नोंद करून नंबर घेऊन ठेवा, पुढे कागदात दाखवता येतो.

रिफंड कबूल करून पाठवतच नसतील आणि पैसे कार्डाने भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅकसुद्धा मागता येतो, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे बँकेमार्फत परत मागणं.

तरीही नाही दिलं तर ग्राहक आयोग

हा शब्द ऐकूनच लोक घाबरतात, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानंतर गोष्टी सोप्या झाल्या. तुम्ही जिथे राहता तिथेच केस टाकता येते, म्हणजे एअरलाइनचं हेड ऑफिस गुडगावला असलं तरी केस नागपूरच्या जिल्हा आयोगात, सिव्हिल लाइन्सला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य. वकील लागतोच असं नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षं. ऑनलाइन टाकायची तर ई-जागृती पोर्टल आहे.

आधी एक नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने आणि मेलने, पंधरा दिवसांची मुदत द्या. यानेच कधी कधी फोन येतो. नाही आला तर तक्रार, त्यासोबत तिकीट, स्क्रीनशॉट, मेलची माळ, बिलं, नोटिशीची पोच आणि प्रतिज्ञापत्र. एजंट किंवा बुकिंग साइट मध्ये असेल तर तिलाही विरुद्ध पक्ष करा, नाहीतर सुनावणीला एअरलाइन म्हणेल पैसे त्यांच्याकडे आहेत.

इथे मागणी फक्त डीजीसीएच्या आकड्यापुरती ठेवायची गरज नाही. ऐनवेळी घेतलेल्या दुसऱ्या तिकिटातला फरक, कॅब, हॉटेल, मानसिक त्रास, तक्रारीचा खर्च हे सगळं मागता येतं. फक्त आकडा बिलांना धरून ठेवा, ₹४,००० च्या तिकिटावर पाच लाख मागितले की आयोगाचा चेहरा आधीच बदलतो. वेळ लागतो, कायद्यात तीन महिने लिहिलेत पण तारखांचं तुम्हाला माहीतच आहे. माझं मत विचाराल तर एकट्याच्या दोन-तीन हजारांसाठी एअरसेवापर्यंत भांडा आणि सोडा, पण घरचे चार-पाच तिकीट असतील, लग्न किंवा परीक्षा चुकली असेल, तर आयोगात नक्की जा.

बाहेरदेशी जाणाऱ्यांसाठी थोडं

नागपूरहून मुंबई एका कंपनीने आणि तिथून पुढची इंटरनॅशनल दुसऱ्या वेगळ्या तिकिटावर, असं लोक पैसे वाचवायला करतात. पहिली लेट होऊन दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी कोणी घेत नाही. दोन्ही एकाच तिकिटावर असतील तर पुढची चुकल्याचं एअरलाइनला निस्तरावं लागतं. वेगळीच काढायची असतील तर मध्ये एक रात्र ठेवा, मुंबईतल्या नातेवाइकांना तेवढंच भेटणं होईल.

आणि परत येताना लंडन, फ्रँकफर्टसारख्या ठिकाणाहून फ्लाइट सुटत असेल तर मात्र तिकडचा कायदा लागतो, कंपनी कोणतीही असो. तिथे एअरलाइनच्या चुकीने तीन तासांपेक्षा जास्त उशिरा पोचलात तर रोख पैसे मिळतात, भारतासारख्या लांबच्या अंतराला युरोपच्या नियमाने ६०० युरोपर्यंत. तो क्लेम एअरलाइनच्या साइटवरच फॉर्म भरून करायचा, मध्ये कमिशन खाणाऱ्या कंपन्या असतात त्यांना आधीच गाठू नका, स्वतः भरा, नाहीच म्हणाले तर मग पाहा.